तीन अक्षरी नाव: आधी हाक मारून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा झाला, बारसे आठ दिवसांवर आले आणि नाव तीन अक्षरीच ठेवायचे हे तुम्हा दोघांचे ठरले आहे. हस्त नक्षत्राचा चौथा चरण असल्यामुळे पत्रिकेत 'ठ' आला आहे आणि आजी त्या अक्षरासाठी हट्ट धरून आहे. आजोबांना अर्थ असलेले नाव हवे आहे. वर्षभरात तुम्ही नोकरीसाठी जर्मनीला जाणार आहात. बाळाच्या आईचे नाव 'व'ने सुरू होते. आरव, कियान, अनय, अर्णव, मिहिर आणि मंदार ही सहा नावे हाताशी आहेत, पण एकावर मन बसत नाही.

मी 34 वर्षे शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवले. रोज सकाळी पहिल्या तासाला हजेरी घेतली. म्हणजे हजारो मुलांची नावे मी मोठ्याने उच्चारली आहेत, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारल्या आहेत, दहावीच्या अर्जावर ती तपासली आहेत. नाव कागदावर कसे दिसते आणि तोंडात कसे बसते, यात फार अंतर असते हे मला तिथे कळले. तेव्हापासून नाव विचारायला येणाऱ्या प्रत्येक आईबापांना मी आधी यादी मिटवून ठेवायला सांगते आणि त्यांच्याकडून हाक मारून घेते.

आधी 'ठ'चा प्रश्न मिटवू, कारण घरातली निम्मी ओढाताण त्यावरूनच चाललेली दिसते. जन्मनक्षत्रावरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात 27 नक्षत्रांचे प्रत्येकी 4 चरण, म्हणजे 108 अक्षरे आहेत. हस्ताला पू, ष, ण, ठ ही येतात. आर्द्रेला कु, घ, ङ, छ येतात, उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. आता 'ङ'वरून किंवा 'ञ'वरून कोण काय नाव ठेवणार? जुन्या लोकांना हे माहीत होतेच. म्हणून धर्मशास्त्रात मुलाची चार नावे सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. पत्रिकेतले अक्षर नाक्षत्रनामासाठी आहे. आपण त्याला जन्मनाव म्हणतो, ते पत्रिकेत राहते आणि मुंजीत, लग्नात गुरुजी ते विचारतात. हाक मारायचे नाव त्या अक्षरावरून असावे असे बंधन नाही. 'ठ'चे जन्मनाव गुरुजींकडून लिहून घ्या आणि तो विषय तिथे थांबवा. आजीला हे शांतपणे समजावून सांगितले तर ती ऐकेल, कारण तिच्या स्वतःच्या भावंडांची जन्मनावे वेगळी असण्याचीच शक्यता अधिक आहे.

कदाचित कुणी दुसरी हरकत घेईल की मुलाच्या नावात अक्षरे सम हवीत, तीन चालत नाहीत. ही हरकत निराधार नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरी आणि ब्रह्मवर्चस, म्हणजे वेदाध्ययनाचे तेज, हवे असेल तर चार अक्षरी नाव ठेवावे असे सांगितले आहे. पुरुषांना सम अक्षरे, स्त्रियांना विषम, असा तिथला संकेत आहे. पण परंपरा सूत्रापाशी अडून बसली नाही. दशरथाच्या चार मुलांत राम तेवढा दोन अक्षरी. लक्ष्मण, भरत आणि शत्रुघ्न हे तिघेही तीन अक्षरी. पांडवांत अर्जुन आणि नकुल. संध्येत आचमनाच्या वेळी जी 24 नावे घेतात, त्यांत केशव, माधव, गोविंद, वामन, श्रीधर, प्रद्युम्न, अच्युत, उपेंद्र आणि श्रीकृष्ण ही नऊ नावे तीन अक्षरांची आहेत. हरकत घेणाऱ्याला ही नऊ नावे म्हणून दाखवा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तीन अक्षरी म्हणजे काय? जोडाक्षर धरून एक अक्षर, म्हणून 'प्रद्युम्न' हे तीन अक्षरी, आणि 'समीर'ही तीन अक्षरी. लिहिताना हे बरोबर आहे. बोलताना मात्र मराठीत शेवटचा 'अ' गळून पडतो. आपण 'स-मी-र' असे म्हणत नाही, 'स-मीर्' म्हणतो. दोनच ठोके. 'माधव' म्हणजे 'मा-धव्', पुन्हा दोन. उलट 'अनिकेत' चार अक्षरी, पण बोलताना 'अ-नि-केत्' असे तीन ठोके पडतात. बोलतानाही तीन ठोके पडावेत असे वाटत असेल तर शेवटी 'अ'खेरीज दुसरा स्वर लागतो: शिवाजी, संभाजी, मुरारी, मारुती, श्रीहरी. तुम्हाला नेमके कोणते तीन हवे आहेत ते आधी ठरवा. बहुतेकांना खरे तर छोटे, पटकन घेता येणारे नाव हवे असते आणि त्याला ते 'तीन अक्षरी' म्हणतात.

शाळेत वृत्ते शिकवताना मी गण समजावायला मुलांचीच नावे घेत असे. गण तीन अक्षरांचाच असतो, त्यामुळे तीन अक्षरी नाव हा आपोआप एक गण होतो. ऱ्हस्व अक्षर लघू; दीर्घ, अनुस्वार असलेले किंवा जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू. माधव, केशव, वामन, गौतम, भास्कर हे भगण: पहिले अक्षर गुरू, पुढची दोन लघू. महेश, गणेश, समीर, अमेय, मुकुंद, अशोक हे जगण: मधले गुरू. गोविंद, आनंद, आदित्य, मार्तंड, सिद्धार्थ हे तगण. संभाजी आणि तानाजी मगण, तिन्ही अक्षरे गुरू. शिवाजी यगण. अनघ, अभय, विनय, वरुण हे नगण, तिन्ही लघू. मारुती रगण आणि नागपूरकर भोसल्यांचे रघुजी सगण.

याचा उपयोग काय, असे विचाराल. हाक लांबवायची असते तेव्हा ती गुरू अक्षरावर लांबते. 'समीऽऽर', 'महेऽऽश' अशी जगणातल्या नावाची हाक दूर जाते, कारण जोर मध्यावर येतो आणि पुढचे व्यंजन ती अलगद मिटवते. 'माऽऽधव' सुरुवातीलाच उठते. 'अनघ'सारख्या नावात लांबवायला जागाच नसते, म्हणून लोक नकळत मधले अक्षर ओढतात आणि 'अनऽऽघ' होते. नगणातले नाव वाईट मुळीच नाही, घरात जवळून घेताना ते फार कोवळे वाटते. पण सहामाही परीक्षेनंतर भरलेल्या मैदानावर मी 'अभय' म्हणून हाक मारली की चार हाका लागायच्या आणि 'गणेश' एका हाकेत वळून बघायचा, हे मी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. आज संध्याकाळी तुम्ही दोघे हे करून पाहा. एकाने जिन्याखाली उभे राहावे, दुसऱ्याने वरून सहाही नावांनी हाक मारावी. रागावून एकदा, लाडाने एकदा.

दुसरी कसोटी अर्थाची. इथे मला मनापासून काळजी वाटते, कारण इंटरनेटवर नावांसमोर जे अर्थ छापलेले असतात त्यांतले कितीतरी चुकीचे असतात. तुमच्या यादीतलेच घ्या. 'आरव'चा अर्थ शांत, असे सर्रास लिहिलेले सापडते. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज, 'कलरव'मधला तोच. 'आरव' म्हणजे ध्वनी, गलका, ओरडणे. आवाज या अर्थाने नाव ठेवायला हरकत काहीच नाही, 'निनाद'ही आपण ठेवतोच. पण शांत म्हणून ठेवायचे असेल तर ते उलटे होईल. 'अनय' तर मी कुणालाच सुचवत नाही. 'नय' म्हणजे नीती, तेव्हा 'अनय' म्हणजे अनीती, आणि दुर्दैव हाही अर्थ कोशात आहे. उच्चार इतका गोड असल्यामुळेच हे नाव पसरले असावे. 'कियान' फारसीतून घेतले तर प्राचीन इराणातल्या कयानी राजांशी जोडलेले, भारदस्त नाव आहे. मात्र त्याला संस्कृत म्हणून ठेवू नका. संस्कृतात 'कियान्' हा 'कियत्'चा पुल्लिंगी प्रथमेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'केवढा?' किंवा 'किती?' असा प्रश्न आहे. पुढे शाळेत मुलगा संस्कृत शिकेल तेव्हा हा शब्द त्याच्यासमोर येणारच. आधी माहीत असलेले बरे.

हल्ली 'अंश' लावून नावे जुळवतात, त्याबद्दलही दोन शब्द. 'अंश' म्हणजे भाग आणि 'अंशु' म्हणजे किरण. हिमांशू, सुधांशू ही चंद्राची नावे 'अंशु'ची आहेत: ज्याचे किरण थंड, ज्याचे किरण अमृताचे. 'देवांश' म्हणजे देवाचा अंश, तेही ठीक. पण पुढे काहीही लावून मागे 'ांश' जोडला की शब्द तयार होतो, अर्थ तयार होत नाही.

अर्थ तपासायला वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश घ्या. 1890मध्ये पहिल्यांदा निघाला, आजही बहुतेक शाळांच्या आणि गावोगावच्या ग्रंथालयांत सापडतो. नावे शोधायला मात्र अमरकोशासारखी, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या पद्यकोशासारखी, दुसरी जागा नाही. सूर्याच्या नावांत एक ओळ येते: 'विकर्तनार्कमार्तण्डमिहिरारुणपूषणः'. एवढ्या एका ओळीत मार्तंड, मिहिर, अरुण ही तीन अक्षरी तीन नावे बसली आहेत. वाऱ्याच्या नावांत अनिल, समीर आणि मारुत, समुद्राच्या नावांत सागर आणि अर्णव. विष्णुसहस्रनामात 'अनघो विजयो जेता' म्हणताना दोन नावे सहज मिळतात. यादी करायचीच असेल तर अशा ठिकाणाहून करा.

संस्कृतच हवे असा माझा आग्रह नाही, हेही सांगते. 'समीर' संस्कृतात वारा आणि अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती, दोन्ही घरांत शोभते. 'कबीर' अरबी, थोर या अर्थाचे. 'मिलिंद' संस्कृतात भुंगा आहे, पण महाराष्ट्रात ते नाव घराघरांत गेले ते बौद्ध भिक्षू नागसेनाशी संवाद करणाऱ्या मिलिंद राजामुळे. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनवन हे नाव दिले, त्यामागेही तोच संवाद आहे. राहुल, गौतम, सम्यक, सुगत या नावांनाही असाच मोठा वारसा आहे. सोपान, निवृत्ती, विठ्ठल, खंडोबावरून मल्हार ही तर आपल्या मातीतली तीन अक्षरे. शहाजी हे नाव नगरच्या शाह शरीफ पीराला केलेल्या नवसावरून ठेवले अशी परंपरा आहे. नाव घराण्याची गोष्ट सोबत घेऊन येते. तुमच्या पणजोबांचे नाव तीन अक्षरी असेल तर तेही एकदा हाक मारून पाहा. एरवी आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत होती आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही अशीही, म्हणून त्या मुलांना घरात नाना, बाळ, अण्णा म्हणत. आता ती अडचण उरलेली नाही.

तिसरी कसोटी म्हणजे मित्रांचे नाव. मराठीत तीन अक्षरी मुलाचे नाव चौथीपर्यंत तरी 'या'कारान्त होतेच: समीरचा सम्या, माधवचा माध्या, प्रकाशचा पक्या. ते प्रेमाचे असते, त्याला घाबरू नये. पण एकदा ते रूप उच्चारून बघावे. 'मंदार' हा स्वर्गातल्या पाच वृक्षांपैकी एक, फार सुंदर नाव. त्याचे 'मंद्या' झाले आणि मुलगा अभ्यासात जरा मागे असला तर ते नाव त्याला टोचते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. दोन वर्षे तो त्या हाकेला ओ देत नसे. मी पूर्ण वर्गाला मंदाराच्या झाडाचा धडा शिकवला तेव्हा कुठे ते थांबले. यादीतून ते काढाच असे मी म्हणत नाही, पण हे लक्षात घ्या.

आता लेखन. आजोबा ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नाव लिहितील तेव्हा हात कुठे अडखळेल, तर ऱ्हस्व-दीर्घावर. अनिल ऱ्हस्व, सुनील दीर्घ. कारण 'सुनील' म्हणजे सु आणि नील. 'गिरीश' दीर्घ, कारण गिरि आणि ईश. 'मिहिर' आणि 'वरुण' ऱ्हस्व. बोलताना शेवटचा 'अ' गळतो आणि त्याच्या आधीचा स्वर आपोआप लांबतो, म्हणून कानाला 'मिहीर', 'वरूण' ऐकू येते आणि तसेच लिहिले जाते. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर मूळ संस्कृताप्रमाणे राहते. शेवटचे इकार-उकार मात्र मराठीत दीर्घ, म्हणून 'श्रीहरी', 'हिमांशू'. दहावीचे अर्ज भरताना जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरे, असे मी दर वर्षी पाहिले आहे. एकदा तर मीच घाईत एका सुनीलचा 'सुनिल' करून ठेवला होता. त्याच्या वडिलांनी दुरुस्तीसाठी तीन खेपा घातल्या, त्याचे मला आजही वाईट वाटते.

दाखल्यावर मराठीबरोबर रोमन लिपीतही नाव येते, त्याचे स्पेलिंग आधी घरी लिहून ठेवा. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा तिथली चूक पुढे सगळीकडे जाते. घाई मात्र करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. बारशाला नाव ठेवा, महिनाभर त्या नावाने हाक मारा, मग दाखल्यात घाला. असे करणाऱ्यांना पस्तावताना मी पाहिले नाही.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे बाळाच्या नावाची गाठ आता आडनावाशी नाही, आईच्या नावाशी पडते. तुमच्याकडे आईचे नाव 'व'ने सुरू होते. 'अर्णव'चा शेवटचा 'व' आणि तो 'व' एकमेकांत मिसळून जातील, बोलताना एकच ऐकू येईल. पूर्ण नाव चार वेळा सलग म्हणा, कळेल. चार शब्दांच्या नावात पहिला शब्द आखूड असलेला केव्हाही सोयीचा, त्यामुळे तीन अक्षरांचा तुमचा निर्णय या बाबतीत योग्यच आहे.

जर्मनीचे म्हणाल तर तिथे रोमन 'जे' हा 'य' वाचतात, 'व्ही' बहुधा 'फ'. जयेशचा 'ययेश' आणि अर्णवचा 'आर्नाफ' होण्याची तयारी ठेवावी लागेल. 'ण' आणि 'ळ' परदेशातच काय, दिल्लीतही पुष्कळदा 'न' आणि 'ल' होतात. 'ज्ञानेश'चे स्पेलिंग मराठी माणूस 'द्न्य' ऐकून करतो, हिंदी माणूस 'ग्य' ऐकून. केवळ यासाठी नाव टाकू नये. आपले नाव कसे उच्चारायचे हे मूल लोकांना शिकवू शकते आणि शिकवतेही. पण दोन नावे सारखीच आवडली असतील तर तिथे हा विचार कामाला येतो.

तुमच्या सहांपैकी माझे मत 'मिहिर'ला. अर्थ सूर्य, आजोबांना अमरकोशातली ओळ दाखवता येईल, आणि वराहमिहिराचे नाव ते ओळखत असतीलच. 'र'नंतर आईच्या नावातला 'व' स्वच्छ उमटतो. जर्मन तोंडात 'ह' थोडा पुसट होईल, तरी नाव ओळखू येईल. एकच उणीव आहे, ती म्हणजे तिन्ही अक्षरे लघू, हाक फार लांब जाणार नाही. ती तुम्हाला महत्त्वाची वाटली तर सूर्याचेच 'आदित्य' किंवा 'भास्कर' हाक मारून पाहा. 'भास्कर' आज जुने वाटते, पण जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणून बघा, 'भाऽऽस्कर' किती भरदार वाजते. हस्त नक्षत्राची देवताही सविता, म्हणजे सूर्यच. 'ठ'साठी हट्ट धरणाऱ्या आजीला हे जरूर सांगा. अक्षर नाही जुळले तरी नक्षत्राची देवता जुळते, आणि आत्याने कानात कुर्रर्र केल्यावर तेच नाव सांगावे.